एक रिंग म्हणजे ठीक आहे

माझ्याकडे बऱ्याच वह्या आहेत. गॅसचा सिलिंडर कधी लावला त्याची, दूधवाल्याच्या खाड्यांची, कुणाला कुठलं पुस्तक वाचायला दिलं त्याची. अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होते, आणि ज्या गोष्टीची यादी नसते ती गोष्ट हरवते असा माझा अनुभव आहे. त्यामुळे वडील चामटोलीला एकटे राहणार हे ठरलं, तेव्हा मी त्यांचीही वही केली.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अंबरनाथच्या कारखान्यात ते फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी चामटोलीत विहाराला लागून दोन खोल्या बांधल्या. आई होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. आई गेली आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, एकदम वाटायला लागलं. तो उल्हासनगरला राहतो. सत्तरीच्या पुढचा माणूस खेड्यात एकटा राहतो, लोक काय म्हणतील, तेव्हा अण्णांनी सामान बांधून आपल्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. अण्णांनी त्याला एकच विचारलं, की संध्याकाळी विहाराचं दार कोण उघडणार?

दादाला हा प्रश्नच वाटला नाही. मला वाटला. दार उघडायचं, झाडून घ्यायचं, मेणबत्ती लावायची, आणि चार म्हातारी नि दहा पोरं जमली की वंदना घ्यायची, हे अण्णांचं काम होतं. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं होतं, विहाराने नव्हतं. दादाच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं असतं तर ते वर्षभरात संपले असते. हे मी दादाला सांगितलं, आणि भांडणाच्या शेवटी मीच तोडगा काढला.

अण्णांना मोबाइल घेऊन दिला. छोटा, बटणांचा, टॉर्चवाला. माझ्याकडे होता त्याच कंपनीचा, कारण चामटोलीच्या शेतातच त्या कंपनीचा टॉवर होता आणि घराच्या कोपऱ्या-कोपऱ्यात रेंज यायची. रोज संध्याकाळी वंदना आटोपली की अण्णांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे ठीक आहे. दोन रिंगा म्हणजे काहीतरी हवंय, तू फोन कर. तीन रिंगा म्हणजे ये. आणि ज्या दिवशी रिंगच येणार नाही, त्या दिवशी आम्ही गाडी करून जाणार आणि त्यांना सामानासकट उल्हासनगरला आणणार. ही शेवटची अट दादाची. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहून दे." मी लिहून दिलं. तो कागद त्यांनी कॅलेंडरच्या खाली भिंतीला चिकटवला.

रोज दोन शब्द बोलायला काय हरकत आहे, असं दादा म्हणायचा. अण्णांना हरकत होती. पस्तीस वर्षं ते भोंग्यावर जगले होते. भोंगा कधी बोलतो का, तो वाजतो आणि माणसाला कळायचं ते कळतं, असं त्यांचं उत्तर.

दोन वर्षं हे बिनचूक चाललं. आठ वाजून पाच मिनिटं, फार तर दहा. फोन एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. मी वहीत तारीख, वेळ आणि बरोबरची खूण करायचे. रात्री दादाचा फोन, "आली का?" मी म्हणायचे, "आली." दोन रिंगा वर्षातून चार-पाच वेळा, रक्तदाबाच्या गोळ्या, एकदा चष्म्याची काडी. तीन रिंगा एकदाही नाही.

मग कंपन्या एक झाल्या.

वर्तमानपत्रात दोन कोटवाले एकमेकांचा हात धरून हसत होते. फोटो लक्षात राहिला, कारण दुसऱ्या दिवशी मी त्याच पानात चपात्या गुंडाळल्या. त्यानंतर मेसेज यायला लागले. अभिनंदन, आता आपण एका मोठ्या परिवाराचे सदस्य आहात. मी कुठे अर्ज केला नव्हता, कुणी मला विचारलं नव्हतं. मी शाळेत दाखले लिहीत बसले होते आणि माझी कंपनी बदलली. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुकानांच्या पाट्या महिनाभरात दुसऱ्या रंगाच्या झाल्या. ज्या सिंधी दुकानदाराकडून दोन्ही सिमकार्डं घेतली होती त्याला मी विचारलं, आता आमचं काय बदलणार? तो पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "साईं, रंग बदला है. बाकी आप भी वही, मैं भी वही." पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटलं. नंतर मात्र हेल्पलाइनचा नंबर बदलला, प्लॅनचं नाव बदललं, आणि एका संध्याकाळी माझा फोन थांबेचना.

एक रिंग, दोन, तीन. चौथी. मी मोजत होते. वाजून वाजून फोन बंद झाला, आणि लगेच परत वाजायला लागला. मी उचलला तर तिकडून फक्त खरखर, मग कट. मी परत लावला, कुणी घेईना. तीन रिंगांचा अर्थ वहीत होता. दहा रिंगांना अर्थ दिलेलाच नव्हता. दादाला कळवलं. तो उल्हासनगरहून रिक्षा करून आला, मला घेतलं, आणि आम्ही चामटोलीला पोचलो. वाटेत दादाने फक्त आपल्या बायकोला फोन करून कोपऱ्यातली खोली रिकामी करायला सांगितलं.

अण्णा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. आम्हाला बघून त्यांनी आधी दोघांची तोंडं न्याहाळली आणि विचारलं, "कोण गेलं?"

झालं होतं असं, की मोठ्या परिवाराने आपल्या सदस्यांना एक भेट दिली होती. मला फोन लावणाऱ्याला आता ट्रिंग ट्रिंग ऐकू न येता कुठल्याशा सिनेमातलं गाणं ऐकू येत होतं. मी ते मागितलं नव्हतं. मला ते ऐकूही येत नव्हतं, कारण माझा फोन मी कशाला लावीन? अण्णांनी नेहमीसारखा फोन कानाला लावला, तर गाणं. त्यांनी विचार केला, गाणं संपलं की रिंग सुरू होईल. ते थांबले. बरंच होतं म्हणे. बासरी चांगली होती. ते संपलं तरी रिंग येईना म्हणून त्यांनी पुन्हा लावला, यावेळी माझाच आवाज आला, तेव्हा घाबरून कट केला आणि फोन उशीखाली ठेवून बाहेर येऊन बसले.

दादा एवढंच म्हणाला, की ही असली सिस्टीम. माझ्या वहीला तो सिस्टीम म्हणतो.

दुसऱ्या दिवसापासून मी हेल्पलाइनच्या मागे लागले. हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी काहीच नाही. कधी बटणं दाबून दाबून परत पहिल्याच बटणाशी. कधी माणूस भेटला की तो म्हणे थांबा, आणि थांबताना पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगी भेटली. मी सांगितलं, तुमचं गाणं काढा. ती म्हणाली ते मोफत आहे, पहिल्या महिन्यापुरतं. मी म्हटलं, फुकट असो नाहीतर सोन्याचं असो, मला नको. तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "मॅम, आपको गाना पसंद नहीं आया? दूसरा लगा दूँ?" म्हातारा बाप गावात आहे, तो रिंगा मोजतो, गाण्यात मोजायचं काय, हे तिला सांगायला मला पाच मिनिटं लागली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. गाणं जायला पुढचे पंधरा दिवस लागले. तोवर तक्रार क्रमांकांचंच एक पान भरलं.

त्या पंधरा दिवसांत अण्णांनी आपलं आपण गणित बसवलं होतं. गाण्याचे पहिले सूर आले की कट करायचं, ती एक रिंग. बासरी संपेपर्यंत थांबलं तर दोन. बाई गायला लागली की तीन. मला हे त्यांनी कळवलं नाही, पण आकडे बरोबर येत होते. फिटर माणूस. यंत्र कंपनीने बिघडवलं तर ते चालवायचं कसं, हे त्यांना कारखान्यातच शिकावं लागलं होतं.

इथवर सगळा तमाशाच होता. मी शाळेत सगळ्यांना रंगवून सांगितला आणि सगळे हसले. पुढचं मी कुणाला रंगवून सांगितलं नाही.

पावसाळा संपला आणि अण्णांची रिंग लवकर यायला लागली. साडेसात. मग सव्वासात. एकदा सात वाजून पाच मिनिटं. मी प्रत्येक वेळ इमानेइतबारे लिहिली. दिवस लहान झाला, जेवण लवकर होत असेल, असं मनाशी म्हटलं. वंदना साडेसातला असते हे मला माहीत होतं. साडेसातची वंदना झाल्यावर येणारी रिंग सव्वासातला कशी येते, हे मला माझ्याच वहीतून दिसायला हवं होतं. मी फक्त खुणा करत राहिले. खूण केली की काम झाल्यासारखं वाटतं.

त्याच सुमारास कंपनीचा मेसेज आला होता, की आता आपलं नेटवर्क आणखी मोठं आणि आणखी मजबूत.

एका शनिवारी गोळ्या घेऊन मी न कळवता निघाले. बदलापूरहून शेअर रिक्षा केली. अंधार पडला होता, रिक्षाच्या दिव्याएवढाच काय तो उजेड. चामटोलीच्या अलीकडे रस्त्याला एक मोरी आहे, तिच्या कठड्याशी एक म्हातारा उभा होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन, आणि तो हात त्याने डोक्याच्या वर धरलेला. खदाणीचे डंपर त्याच्या कोपराला वारा लावून जात होते. रिक्षावाल्याने सहज सांगितलं, "आजोबा रोज असतात इथं. गावात रेंज नाय ना आता."

आणि माझ्या पर्समधला फोन वाजला. एकदा. बंद झाला.

म्हाताऱ्याने फोन खिशात ठेवला, टॉर्च लावला आणि रस्त्याच्या कडेने गावाकडे चालायला लागला.

एक रिंग म्हणजे मी घरात आहे, ठीक आहे. हे सांगायला माझे वडील रोज संध्याकाळी घर सोडून अर्धा-पाऊण तास डंपरच्या रस्त्याने जात-येत होते. आणि मी घरात बसून खूण करत होते.

मी रिक्षा थांबवली. त्यांना रिक्षात बसवलं. चोरी पकडल्यासारखा त्यांनी टॉर्च लगेच बंद केला. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. दसऱ्याच्या आधी कंपनीची माणसं आली होती, आणि शेतातला टॉवर सुटा करून ट्रकमध्ये घालून घेऊन गेली. ज्याचं शेत त्यालाही कारण सांगितलं नाही. तेव्हापासून घरात रेंज नाही, विहारात नाही, विहिरीपाशी नाही. मोरीवर आहे. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. रिंग आली नाही तर सामानासकट. माझंच अक्षर.

त्यापुढचा आठवडा मी दादाला काही बोलले नाही. रोज रात्री "आली" म्हणत राहिले, कारण येतच होती. अण्णांना मी जाऊ नका म्हटलं तरी ते जातच होते. त्या आठवड्यात मी तीन गोष्टी केल्या. शाळेतल्या शिक्षिकांकडून वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागून घेतले आणि एका संध्याकाळी पिशवीत घालून अण्णांच्या घरात कोपऱ्या-कोपऱ्यात फिरवले. एकाला विहाराच्या पत्र्यावर चढून रेंज आली असती, बाकीच्यांना तेही नाही. मग साध्या फोनच्या ऑफिसात गेले. चामटोलीत आमच्या आळीपर्यंत केबल पोचलेली नाही, अर्ज ठेवून जा, म्हणाले. ठेवला. आणि मग उल्हासनगरला, आमच्या मोठ्या परिवाराच्या नव्या गॅलरीत.

काचेचं दार, टोकन, गारेगार हवा. भिंतीवर डोंगरमाथ्यावर उभा राहून फोनवर हसणारा तरुण. काउंटरवरच्या मुलीने माझं सगळं ऐकलं, मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. नकाशा होता. बदलापूर हिरवं, बदलापूर गाव हिरवं, रस्ता हिरवा, चामटोली हिरवीगार.

"मॅडम, चामटोलीत फुल कव्हरेज आहे."

मी म्हटलं, मी तिथूनच येतेय. तिने पुन्हा नकाशाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं. दोन कंपन्यांचे दोन टॉवर होते, आता कंपनी एक झाली, मग जवळजवळ दोन टॉवर कशाला, असं तिने मला समजावलं. दुसरा टॉवर बदलापूरच्या बाजूला आहे, त्याची रेंज पोचते. मोरीपर्यंत पोचते, मी म्हटलं. तिला मोरी कुठली, ते कळलं नाही. नकाशात मोऱ्या नव्हत्या. तिने तक्रार क्रमांक दिला. पूर्वीच्यापेक्षा चार आकडे लांब होता, कंपनी मोठी झाल्याचा हा एक फायदा. निघताना विचारलं, आजच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का? मी म्हटलं, हिरवा रंग भरा.

कंपनी सोडून का दिली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. तेव्हा कंपनी सोडायची तर नंबर सोडावा लागे. माझा नंबर कुठे कुठे दिलाय याची यादी माझ्याकडे आहे. दोन पानं आहे. हे त्यांनाही ठाऊक असणार. म्हणूनच तर ते इतके गोड बोलतात.

रविवारी दादाला कळलंच. त्याने दुपारी अण्णांना फोन लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला, तेच. तो तडक चामटोलीला गेला, टॉवरचं नि मोरीचं सगळं ऐकलं, आणि मोरीवर येऊन मला फोन केला, की ये, आज सामान बांधायचंय. मी पोचले तेव्हा त्याने ट्रंक खाली काढली होती. अण्णा खाटेवर बसले होते. शेजारची सून दारात उभी होती; बदलापूरला एका कंपनीत पॅकिंगला जाते, रविवारी घरी असते. तिने चहा आणला होता, तो कुणी घेत नव्हतं.

दादा मला म्हणाला, की तू मला खोटं सांगितलंस. मी म्हटलं, रिंग येत होती. तो म्हणाला, कुठून येत होती? मग तो अण्णांकडे वळला. अट मोडली, आता निघायचं.

अण्णा उठले. भिंतीवरचा कागद त्यांनी हळूच सोडवला, चष्मा लावला आणि माझं अक्षर मोठ्याने वाचलं. रोज संध्याकाळी एक रिंग. मग माझ्याकडे वळले.

"तुझ्या वहीत एक तरी दिवस रिकामा आहे?"

"नाही, अण्णा."

"मग मी अट मोडली नाही. ज्यांनी टॉवर काढून नेला त्यांनी मोडली." त्यांनी कागद दादाच्या हातात दिला. "त्यांना घेऊन जा उल्हासनगरला. खोली रिकामी आहेच."

शेजारची सून तोंडाला पदर लावून हसली. दादाला हसू आलं नाही, पण त्याने ट्रंकेवरचा हात काढला. तो काही निर्दय नाही. रस्त्यावर उभा असलेला बाप त्याला दिसत होता, एवढंच. आणि तो मलाही दिसत होता. डंपरखाली आले असते तर, असं तो म्हणाला. खरं होतं ते.

मग ती सूनच बोलली. "ताई, मी रोज सकाळी सातच्या शेअर रिक्षाला जातेच की. निघताना आजोबांच्या दारात डोकावते, नाय तरी डोकावतेच, ते चहा पीत असतात. मोरीवर आले की मी देते तुम्हाला एक रिंग. माझ्या फोनवरनं. त्यांना कशाला नेता मोरीवर?"

इतकं साधं होतं. मी दोन वर्षं वही भरली, पंचवीस तक्रार क्रमांक गोळा केले, आणि ही बाई रोज डबा घेऊन त्याच दारावरून जात होती. मी वही काढली. दादाने विचारलं, ती रविवारी कामाला जात नाही, मग? रविवारी मी येईन, मी म्हटलं. एक रविवार तू, अण्णा म्हणाले, आणि एक हा. दादा म्हणाला, बघू. त्याच्या घरी त्याचा अर्थ हो असा होतो. मी नवीन कागद लिहिला. अण्णांनी तो वाचून पाहिला, एक ओळ खोडायला लावली, सामानासकटची, आणि मगच चिकटवला.

त्यानंतर रिंग सकाळी यायला लागली. सात वाजून दहा मिनिटं, परक्या नंबरवरून, एकदाच. साध्या फोनचा अर्ज अजून त्या ऑफिसात असेल. चामटोली नकाशात अजून हिरवी असेल. कंपनीचे मेसेज येत राहिले, की आपण आमच्यासाठी खास आहात.

अण्णांचा मोबाइल शेंगांच्या डब्यावर पडून असायचा. मी निघायला लागले की ते तो खिशात टाकून मला रस्त्यापर्यंत सोडायला यायचे, उजेड असेपर्यंतच, ही नवी अट. अशाच एका रविवारी मोरीवर रिक्षाची वाट बघताना त्यांनी माझा नंबर लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. एक, दोन, तीन, चार. ते कानाला लावून उभे, मान जराशी कलती. मी हात लावला नाही. फोन वाजून वाजून थांबला.

"ते गाणं गेलं, ते तूच काढायला लावलंस का गं?"

"कधीच काढलं, अण्णा. पंधरा दिवस भांडून."

त्यांनी फोन खिशात ठेवला. "तेवढंच एक बरं केलं होतं त्यांनी," म्हणाले.